आराशीतली छोटी गाडी: नॅरोगेज मॉडेल इंजिनांची मापं आणि त्यांचे रंग

गणपतीच्या आराशीत आगगाडी फिरवायची हौस कोकणात जुनीच. पुठ्ठ्याचा डोंगर, वर कापसाचे ढग, खाली आरशाचं तळं आणि तळ्याला वळसा घालणारी सेलवरची प्लास्टिकची गाडी. आता चाकरमान्यांच्या बॅगेतून अधूनमधून निराळा माल उतरतो. तळहातावर मावेल एवढं, पण टाकीवरचे रिव्हेट मोजता येतील असं नॅरोगेजचं मॉडेल इंजिन. कुणाला आराशीत माथेरानचा घाट करायचा असतो, कुणाला दार्जिलिंगचा. मग मोबाइलवर दुकानाचं पान उघडतं आणि सगळा घोळ सुरू होतो. एकाच इंजिनाचे पाच-सहा रंग, नावापुढे ‘ओओ-नाइन’, ‘एचओई’, ‘एसएम-३२’ असली अक्षरं, आणि किंमत अशी की चुकीचं मागवलं तर पुढच्या चतुर्थीपर्यंत घरात ऐकून घ्यावं लागेल.

यातली अक्षरं सोपी आहेत, त्यांच्यामागे साधं त्रैराशिक आहे. रंगांचं प्रकरण जास्त खोल आहे आणि मला जास्त आवडतं, त्यामुळे पुढे तेच लांबणार आहे.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. स्केल म्हणजे खरी वस्तू किती पटीने लहान केली ते प्रमाण. गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. कोकण रेल्वे ब्रॉडगेज आहे, तिचं अंतर १६७६ मिलिमीटर. नेरळहून माथेरानला चढणाऱ्या आपल्या फुलराणीचं ६१०, म्हणजे दोन फूट. घाटावरच्या जुन्या बार्शी लाइट रेल्वेचं ७६२, म्हणजे अडीच फूट. तेव्हा नॅरोगेज हे काही एकच माप नाही. मीटरगेजपेक्षाही अरुंद ते सगळं आपल्याकडे नॅरोगेज.

ब्रिटिश मॉडेलवाल्यांचं लाडकं प्रमाण आहे एका फुटाला चार मिलिमीटर, म्हणजे साधारण १:७६. त्याला ओओ म्हणतात. या हिशोबाने माथेरानचा दोन फुटी रूळ आठ मिलिमीटरचा व्हायला हवा आणि बार्शीचा अडीच फुटी दहा मिलिमीटरचा. बाजारात मात्र मिळतो नऊ मिलिमीटरचा. म्हणूनच नाव ओओ-नाइन: प्रमाण ओओचं, रूळ नऊचा. हे नऊ आलं एन गेजमधून. १९६० च्या दशकात एन नावाची फार छोटी मॉडेलं बाजारात आली आणि त्यांचा रूळ नऊ मिलिमीटरचा होता. हौशी लोकांनी त्यांची चाकं-मोटर तशीच ठेवली आणि वर स्वतः बनवलेलं मोठ्या प्रमाणातलं नॅरोगेज इंजिन बसवलं. रूळ, चाकं, मोटर सगळं आयतं मिळालं. तडजोड रुळली आणि तेच माप पक्कं झालं.

नऊ मिलिमीटर ना माथेरानचा, ना बार्शीचा. तो नेमका सव्वादोन फुटांचा. वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेचा गेज खरोखरच सव्वादोन फूट आहे. स्वयंसेवकांनी १९५१ पासून चालवायला घेतलेली ही जगातली पहिली जतन केलेली रेल्वे. तिचं मॉडेल करणाऱ्याला रुळाच्या बाबतीत काहीच तडजोड करावी लागत नाही, हे त्याचं नशीब. आपल्या माथेरानला फरक पडतो एका मिलिमीटरचा. मखरापासून तीन हातांवर उभ्या असलेल्या माणसाला तो दिसणार नाही. कुणी ब्रॉडगेजवाला हसलाच तर त्याला सांगा, ओओची नेहमीची मोठी ब्रिटिश गाडीसुद्धा (तिचा खरा गेज १४३५ मिलिमीटर) १६.५ मिलिमीटरच्या रुळावर धावते आणि हिशोबाने तो १८.८३ हवा. मिलिमीटरमध्ये मोजली तर त्यांची चूक आपल्यापेक्षा मोठी आहे.

बाकीची अक्षरं झटपट. एचओई म्हणजे १:८७ प्रमाण आणि रूळ तोच नऊचा. युरोपच्या ७५०-७६० मिलिमीटरच्या गाड्यांना ते बरोबर बसतं, पण इंजिन ओओ-नाइनपेक्षा थोडं लहान असतं. दोन्ही एका आराशीत ठेवलीत तर ड्रायव्हर एकमेकांचे बाप-लेक दिसतील. ऑन-थर्टी म्हणजे १:४८ प्रमाण आणि १६.५ चा रूळ. जी म्हणजे ४५ मिलिमीटरचा रूळ, जर्मनीच्या एलजीबीने १९६८ मध्ये आणलेला, बागेत मीटरगेज चालवण्यासाठी. आणि एसएम-३२ म्हणजे फुटाला सोळा मिलिमीटर, रूळ बत्तीसचा. इथे दोन फुटांचा हिशोब चोख जुळतो, त्यामुळे माथेरानसाठी सगळ्यात प्रामाणिक माप हेच. यात गॅसवर पाणी उकळून खऱ्या वाफेवर चालणारी इंजिनंही मिळतात. ती मखरात नकोत, खळ्यात चालवायची. पावसाळा सरल्यावर जांभ्याच्या कट्ट्यावर रूळ टाकला की झालं. तांबडी धूळ तेवढी दातेरी चाकांत जाऊ देऊ नका, तेल आणि माती मिळून त्यांना खरवडून काढतात.

वळणाचं माप मागवण्याआधीच काढा. डोंगरी दोन फुटी रेल्वेवर साठ फुटांच्या आसपास त्रिज्येची वळणं असतात, दार्जिलिंगला तर नक्कीच. चार मिलिमीटरच्या हिशोबाने ती त्रिज्या होते २४ सेंटिमीटर. म्हणजे अर्ध्या मीटरच्या पाटावर पूर्ण वळसा बसतो, आणि तोही खऱ्या प्रमाणात. ब्रॉडगेजच्या मॉडेलला हे जमत नाही, त्याला वळणं नेहमी खोटी आवळावी लागतात. कोकणातल्या घराच्या ओटीवर जागा किती असते ते आपल्याला माहीत आहे. नॅरोगेज निवडायचं माझं मुख्य कारण हेच.

आता नवी इंजिनं. पूर्वी ओओ-नाइन म्हणजे पांढऱ्या धातूचे भाग चिकटवून कवच बनवायचं आणि ते एन गेजच्या सांगाड्यावर चढवायचं. कवच जड व्हायचं, चाकं नको तिथे यायची आणि गाडी अडखळत चालायची. गेल्या दशकभरात मोठ्या कंपन्या या मापात उतरल्या. हेल्यानने लिंटन अँड बार्नस्टेपल रेल्वेची इंजिनं काढली. बाकमनने पहिल्या महायुद्धातलं बाल्डविन, मग वेल्सच्या पाटीदगडाच्या खाणींतली हन्सलेट आणि दोन तोंडांचं डबल फेअरली आणलं. पीकोने जपानच्या काटोबरोबर वेल्सच्या फेस्टिनियॉग रेल्वेची, जॉर्ज इंग्लंड या कारखानदाराने बांधलेली छोटी इंजिनं केली. या इंजिनांचा सांगाडा त्यांच्यासाठीच घडवलेला असतो, वजनासाठी ओतीव धातूचा. अलीकडच्या अनेक इंजिनांत लोखंडी गाभा नसलेली बारीक मोटर असते, त्यामुळे गाडी गोगलगाईच्या चालीनेही न थांबता जाते. आराशीत हाच गुण कामाचा. घाटातली गाडी भरधाव पळाली की सगळा देखावा खोटा वाटतो.

प्लास्टिकचं कवच पोलादी साच्यात ओततात, आणि असा साचा बनवणं हा या धंद्यातला सगळ्यात मोठा खर्च. नॅरोगेजचं गिऱ्हाईक थोडं. मग तो खर्च वसूल करायचा कसा? एकाच साच्यातून तेच इंजिन काढायचं आणि वेगवेगळ्या रंगांत विकायचं. दुकानाच्या पानावर दिसणारे पाच-सहा रंग इथून येतात. चलाख कंपन्या साच्याचे तुकडे बदलता येतील असे करतात: दोन तऱ्हांची धुराडी, केबिन असलेलं आणि नसलेलं, गोल घुमट किंवा उंच घुमट. त्यामुळे रंगाबरोबर अंगही थोडं बदलतं. म्हणून एकाच नावाचे दोन डबे शेजारी ठेवून नीट बघावेत, फरक फक्त रंगाचा नसतो.

रंग, पट्टे, अक्षरं, क्रमांक आणि बोधचिन्ह मिळून इंजिनाचा जो ठरलेला पेहराव होतो त्याला लिव्हरी म्हणतात. हे आपल्याला नवं नाही. लाल परी, हिरवी-पांढरी हिरकणी आणि शिवनेरी लांबून रंगावरूनच ओळखतो, आणि एसटीचा जुना फोटो पाहिला की रंग आणि अक्षरांवरून तो साधारण कधीचा हे घरातला जाणता माणूस सांगतो. इंजिनाचंही तसंच. मालक बदलला की रंग बदलायचा, मुख्य अभियंता बदलला तरी बदलायचा, युद्ध आलं की सगळं काळं व्हायचं.

लिंटन अँड बार्नस्टेपल हे याचं फार चांगलं उदाहरण. इंग्लंडच्या डेव्हन भागातली ही दोन फुटी रेल्वे १८९८ मध्ये सुरू झाली. येओ, एक्स आणि टॉ ही तिथल्या नद्यांच्या नावांची मॅनिंग वॉर्डल कंपनीची इंजिनं आणि लिन नावाचं अमेरिकन बाल्डविन, एवढाच संसार. १९२३ मध्ये ती इंग्लंडच्या सदर्न रेल्वेकडे गेली आणि इंजिनांवर सदर्नचा हिरवा रंग आणि सदर्नचे क्रमांक आले. पाचवं इंजिन ल्यू आलं १९२५ मध्ये. १९३५ मध्ये रेल्वे बंद झाली, ल्यूला जहाजाने ब्राझीलला पाठवलं आणि तिथे त्याचा माग संपला. आता विचार करा. येओचं मॉडेल मूळ कंपनीच्या पेहरावात असू शकतं आणि सदर्नच्याही. ल्यू जन्मालाच सदर्नच्या घरात आलं, त्याने मूळ कंपनीचा रंग कधी अंगावर घेतलाच नाही. कुणी ल्यूचं मॉडेल त्या जुन्या पेहरावात दाखवलं तर ते स्वप्नरंजन समजायचं.

स्वप्नरंजन वाईट नाही, फक्त माहीत असावं. ल्यूवर बेतलेलं लिड नावाचं नवं इंजिन फेस्टिनियॉग रेल्वेने बांधलं आणि २०१० मध्ये ते चालू झालं. त्याला काही काळ ब्रिटिश रेल्वेचा काळा रंग आणि ३०१९० हा क्रमांक दिला होता. लिंटन अँड बार्नस्टेपलची लाइन ब्रिटिश रेल्वे जन्मण्याआधीच उखडली गेली होती, त्यामुळे तिच्या इंजिनाला तो रंग लागणं शक्यच नव्हतं. म्हणजे खरं इंजिन आणि पेहराव कल्पनेतला. त्या रंगातलं मॉडेल घेतलंत तर तुमच्या देखाव्याचा काळ आपोआप आजचा ठरतो.

नावांचंही तेच. फेस्टिनियॉगचं १८८६ चं डबल फेअरली आधी लिव्हिंग्स्टन थॉम्प्सन होतं, १९३२ मध्ये तालिएसिन झालं, पुढे अर्ल ऑफ मेरियोनेथ, आणि आता यॉर्कच्या संग्रहालयात परत पहिल्या नावाने उभं आहे. मॉडेलवरची नावाची पट्टी वाचली की साल कळतं. लिंडा आणि ब्लांच ही १८९३ ची दोन इंजिनं मूळची पेनरिन खाणीची. १९६० च्या दशकात ती फेस्टिनियॉगवर आली, तिथे त्यांना मागे टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा डबा, जोडला, पुढे आणखी दोन चाकं बसवली. म्हणजे पेनरिनच्या काळ्या रंगातली लिंडा टेंडर घेऊन उभी असेल तर रंग आणि अंग यांचं जुळत नाही. खाणींतही रंगावरून घर कळायचं: पेनरिनची इंजिनं काळी, त्यावर लाल-निळ्या बारीक रेघा, शेजारच्या दिनॉर्विकची लाल.

शेजारचे आजोबा आराशीतलं कुठलंही इंजिन बघून एकच प्रश्न विचारतात, “ह्यां इंजिन खंयचां?” तज्ज्ञ मंडळी तासभर वाद घालतात तोही याच प्रश्नावर.

भारतात शोभेल असं काय? बाल्डविनचा विचार करण्यासारखा आहे. १९१६-१७ मध्ये अमेरिकेत बनवलेली ही ४९५ इंजिनं ब्रिटिश सैन्याने आघाडीवर दारूगोळा वाहायला घेतली. युद्ध संपल्यावर त्यातली बरीच भारतात आली आणि उत्तरेकडच्या साखर कारखान्यात ऊस ओढू लागली. तिथलंच एक पुढे परत ब्रिटनला गेलं आणि वेल्समधल्या वेल्श हायलँड रेल्वेवर पोचलं. तेव्हा उसाच्या मळ्यातलं काळं बाल्डविन खरं. माथेरानच्या घाटातलं नव्हे.

माथेरानची गोष्ट वेगळी. आदमजी पीरभॉय कुटुंबाने सोळा लाख रुपये घालून ही लाइन बांधली, १९०७ मध्ये ती चालू झाली. चढ वीसास एक, म्हणजे वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. वळणं इतकी आवळलेली की साधं सहा चाकी इंजिन अडकलंच असतं. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलने क्लीन-लिंडनर पद्धतीची चार इंजिनं दिली. या पद्धतीत पुढचा आणि मागचा आस पोकळ असतो. त्याच्या आत दुसरा आस फिरतो आणि मधल्या गोल सांध्यातून त्याला ओढतो, त्यामुळे बाहेरचा आस वळणाप्रमाणे थोडा तिरपा होऊ शकतो. इंजिनांचे क्रमांक ७३८ ते ७४१. ७३८ दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, ७४० ब्रिटनमध्ये. पुढे डिझेल आलं, डब्यांचे रंग अनेकदा बदलले. त्यामुळे ‘माथेरानचा रंग’ असा एक रंग नाही. आधी साल ठरवा, मग त्या सालचा रंगीत फोटो शोधा आणि त्यावर विश्वास ठेवा. संग्रहालयातल्या इंजिनावर डोळे झाकून विसंबू नका. जतन केलेलं इंजिन पुन्हा पुन्हा रंगवलेलं असतं आणि रंगवणाऱ्याला चकचकीत आवडतं.

कारखान्यात मॉडेलवर हा पेहराव कसा चढतो तेही बघण्यासारखं आहे. मूळ रंग फवारतात. पट्टे आणि अक्षरं मात्र ठशाने उमटवतात: कोरलेल्या पत्र्यात शाई भरायची, मऊ सिलिकॉनचा गोळा दाबून ती उचलायची आणि तोच गोळा गोल टाकीवर टेकवायचा. दर रंगाला वेगळा ठसा. खऱ्या इंजिनावरची अर्ध्या इंचाची रेघ १:७६ मध्ये मिलिमीटरचा सहावा भाग होते, आणि ती दोन रंगांची असेल तर दोन्ही ठसे नेमके जुळावे लागतात. चांगली मॉडेलं महाग का, याचं एक उत्तर या रेघेत आहे. फोटो मोठा करून आधी पट्ट्यांचे कोपरे बघा. तिथे रेघ फुटली असेल तर बाकीचंही तसंच समजा.

स्वतः रंगवणार असाल तर खऱ्या इंजिनाच्या रंगाचा डबा आणून तसाच फासू नका. लहान वस्तूवर तोच रंग गडद दिसतो, म्हणून थोडा पांढरा किंवा राखाडी मिसळून फिका करतात. काळ्या इंजिनाला तर शुद्ध काळा कधीच देऊ नये, गडद राखाडीच द्यावा. नाहीतर आराशीतल्या एलईडीच्या उजेडात एक काळा ठिपका फिरताना दिसेल, रिव्हेट-बिव्हेट काही नाही. शेवटचा हात सौम्य चकाकीचा, पूर्ण चकचकीत नको.

आणि हे काम श्रावणात करू नका. दमट हवेत लॅकरचा फवारा मारला की थिनर झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर साचते आणि रंगावर पांढुरकं धुकं येतं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ते जवळजवळ ठरलेलंच. डिसेंबर ते मार्च हा आपला रंगवायचा हंगाम, तोही दव उडून गेल्यावर. वेळ हातात नसेलच तर सावकाश उडणारं थिनर घ्या किंवा पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक ब्रशने पातळ थरांत द्या, आणि बल्ब लावलेल्या खोक्यात वाळवा.

खाऱ्या वाऱ्याचाही हिशोब ठेवा. लोखंडी रूळ समुद्राकाठी एका पावसात गंजतो. निकेल सिल्व्हरचा रूळ घ्या, त्यात चांदी नावालाही नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. त्यावर येणारा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने निघतो. गणपतीत तर दिवसातून दोनदा पुसा. कापराची काजळी, धूप आणि समईचं तेल रुळावर बसतं, इंजिन चाकांतून वीज घेतं, आणि ऐन आरतीत गाडी बोगद्यात थांबते. बारा व्होल्टच्या त्या यंत्राला लोक शिव्या घालतात, दोष बहुतेक वेळा काजळीचा असतो.

पहिलंच इंजिन घेणाऱ्याला माझं म्हणणं असं: पट्टेदार, नावाजलेला पेहराव घेऊन त्यावर माथेरानचा रंग फासू नका. तो पैसा ठशांसाठी दिलेला असतो आणि तुम्ही तोच झाकून टाकता. शक्य असेल तर साध्या रंगातली, अक्षरं नसलेली आवृत्ती घ्या, काही इंजिनांची तशी मिळते. तिच्यावर आपला क्रमांक लावणं अर्ध्या तासाचं काम आहे. पट्ट्यांचीच हौस असेल तर सरळ दिनॉर्विकचं लाल हन्सलेट घ्या आणि आराशीत डोंगर वेल्सचा करा, दगड तेवढा जांभ्याऐवजी करडा. आणि ‘लवकरच येत आहे’ असं लिहिलेलं इंजिन चतुर्थीचा भरवसा ठेवून मागवू नका. आधी संगणकावरचा आराखडा, मग बिनरंगाचा नमुना, मग रंगीत नमुना, मग जहाज, यात दोन-दोन वर्षं जातात. यंदासाठी हवं असेल तर दुकानात आजच्या घडीला हजर असलेलं घ्या.